लॉरी जाऊ दे

"सत्तम केक्कुदु मा. वार्त्तै पुरियल."

एन्नोरला येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. समोर बसलेल्या आजी हे म्हणाल्या आणि मी त्यांच्या सुनेकडं पाहिलं. सून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आवाज आता है, बात समझता नहीं." मला हसूच फुटलं. बांद्र्याच्या ओपीडीत हे वाक्य मी रोज दहा जणांकडून ऐकायची: ऐकू येतं हो, पण कळत नाही. मुलूख बदलला, तक्रार शब्दाला शब्द तीच. आपण 'कानाचं मशीन' म्हणतो, इथं 'कादु मिशिन' म्हणतात. चला, निम्मं काम झालं, असं मला त्या दिवशी वाटलं. पुढची दोन वर्षं तो गैरसमज फेडण्यात गेली.

ही 2006 सालची गोष्ट. नवऱ्याला बंदराच्या कामावर नोकरी लागली म्हणून आम्ही इकडं आलो. एन्नोर, तमिळ माणूस म्हणतो ते एण्णूर, हे चेन्नईचं अगदी उत्तरेकडचं टोक. सेंट्रलहून गुम्मिडीपूंडीची लोकल पकडायची. तिरुवोट्रियूर मागं पडलं की थोड्या वेळानं औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कोसस्तलैयार नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत मच्छीमारांच्या वस्त्या, कारखाने, रूळ आणि रस्ता. कोळसा, कंटेनर, टँकर, सगळं त्या रस्त्यावरून. आमचं श्रवणयंत्र केंद्र त्या रस्त्यालाच लागून होतं. पुढं चष्म्याचं दुकान, मागं दोन खोल्या.

माझं शिक्षण बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेतलं. 1983 साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था. तिथल्या साउंडप्रूफ खोलीत दार लावलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. अशा खोलीत शिकलेल्या मुलीला एन्नोरच्या रस्त्याकाठी मिळाली एक लाकडी पेटी, आतून गालिचा चिकटवलेली आणि वरून अंड्यांचे ट्रे ठोकलेली.

त्या पेटीतच मी पहिली चूक केली, आणि तब्बल महिनाभर केली. श्रवणचाचणी आपण हजार हर्ट्झपासून सुरू करतो, टप्प्याटप्प्यानं आठ हजारांपर्यंत चढतो, मग खाली उतरून पाचशे आणि अडीचशे. मला दिसायला लागलं की इथं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे खालचे स्वर गेलेले आहेत. तरुणांचेसुद्धा. मी मनात सिद्धांतही रचून टाकला: राखेची धूळ, मधल्या कानाचे आजार, असं काहीबाही. एका सकाळी सहज हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. माझेही खालचे स्वर गेलेले! तेव्हा डोक्यात उजेड पडला. लॉरीची घरघर नेमकी त्या खर्जात असते. अंड्यांचे ट्रे ती अडवत नाहीत. माणसाला यंत्रातला बारीक स्वर ऐकू येत नव्हता कारण तो लॉरीखाली दबत होता, आणि मी लॉरीचा दोष त्याच्या कानावर लिहीत होते.

रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी स्वतःचे कान तपासायचे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. दोन मिनिटांचं काम. बांद्र्याला रोज करायची. इथं मालकांनी कधी विचारलं नाही, म्हणून केलं नाही. चुकीच्या आलेखावरून लावलेल्या यंत्रांत खर्ज भरमसाट वाढवला गेला होता. "हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं," अशी तक्रार घेऊन लोक येत, आणि मी त्यांना "सवय होईल" म्हणून परत पाठवत होते. सात जणांना मी निरोप धाडून बोलावून घेतलं. पाच आले.

तेव्हापासून नियम केला: रस्त्यावरून लॉरी जात असेल तर बटणावरचं बोट उचलायचं. जाऊ दे, मग दाब. एका चाचणीला वीस मिनिटं लागायची तिथं चाळीस लागू लागली. मालकांचा चेहरा व्हायचा तो व्हायचाच.

दुसरी चूक जिभेची. शुद्ध स्वर ऐकू येणं वेगळं आणि शब्द कळणं वेगळं. म्हणून शब्दांची यादी वाचायची, तोंडापुढं कागद धरायचा म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि पेशंटनं ऐकलेला शब्द परत म्हणायचा. माझी मराठी यादी इथं अर्थातच निरुपयोगी. तमिळ यादी मिळवली, देवनागरीत लिहून घेतली, घोकली. मराठी माणसाला 'ळ' येतो, म्हणून तमिळमध्ये तो जरा निर्धास्त असतो. पण तमिळमध्ये 'ळ' आहे आणि त्याशिवाय एक 'ऴ' आहे. जीभ मागं वळवायची, पण टाळ्याला टेकवायची नाही. 'वाऴै' म्हणजे केळ. 'वाळै' म्हणजे मासा.

नेट्टुकुप्पमचे एक मच्छीमार चाचणीला बसले होते. मी पेटीबाहेरून म्हटलं, "वाऴै," म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी उत्तर दिलं. माझी मदतनीस यादीवर खुणा करत होती. तिनं फुली मारली. असे चार-पाच शब्द गेले. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, ते बरोबर सांगतायत. तुम्ही मासाच म्हणताय."

मी त्या आधीच्या दोन आठवड्यांचे कागद काढले. एका माणसाला मी सांगून बसले होते की तुमची शब्दांची समज बरीच गेली आहे, यंत्राचा फारसा उपयोग होणार नाही. समज त्याची चांगली होती; उच्चार माझा गेलेला होता. त्या दिवसापासून यादी वाचायचं काम मदतनिशीकडं गेलं, आणि पुढं रेकॉर्ड केलेली यादी आली तेव्हा दोघींकडूनही. मदतनीस त्याच वस्तीतली, दहावी पास. या धंद्यातलं माझं खरं तमिळ तिनं शिकवलं, आणि धंदाही थोडा शिकवला.

तिसरी चूक सांगायला मला आजही जड जातं.

कानाचा साचा घेणं हे दिसायला सोपं काम. कानात बॅटरीचा उजेड टाकून बघायचं, पडद्याच्या अलीकडं दोरा बांधलेला कापसाचा बोळा बसवायचा, दोन लगदे एकत्र मळायचे, पिचकारीत भरायचे आणि कानात सोडायचे. पाच-सात मिनिटांत रबरासारखं घट्ट होतं, मग हळूच फिरवून काढायचं. बोळा म्हणजे धरण. तो नीट बसला नाही तर लगदा पलीकडं जातो. म्हणून बोळा बसवल्यावर पुन्हा एकदा आत बघायचं असतं. शनिवारची संध्याकाळ होती, शेवटचा पेशंट होता. मी पुन्हा बघितलं नाही. आणखी एक गोष्ट केली नाही: कानाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारलं नाही. झालेलं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी. अशा कानाची नळी आतून ऐसपैस असते. माझा बोळा तिथं म्हणजे हौदात टाकलेलं बूच.

ओढलं तर दोरा हातात आला, साचा आतच. ते "वलिक्कुदु" म्हणाले, दुखतंय. पुन्हा म्हणाले नाहीत, नुसते खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मी पुन्हा ओढलं नाही, एवढी एकच अक्कल त्या दिवशी शाबूत होती. रिक्षात घालून त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा तुकडा करत काढायला दीड तास लागला. पडदा वाचला. बाहेर आल्यावर त्या गृहस्थांनी टपरीवरून दोन चहा आणले आणि एक माझ्या हातात दिला. ते आमच्याकडं परत कधी आले नाहीत. मीही कधी समोर गेले नाही.

तीन आठवडे मी साचा घेतला नाही. तोवर ते काम चष्म्याच्या दुकानातल्या मुलानं केलं. हा मुलगा माझ्या आधी तिथं 'फिटर' होता. एका कंपनीच्या दोन दिवसांच्या वर्गावर त्याचं सगळं शिक्षण. माझ्या पदवीच्या तोऱ्यात मी त्याला पहिले सहा महिने कानाजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता त्याच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हटलं, माझ्या कानाचा घे. त्याचा हात थरथरत नव्हता. करंगळी गालाला टेकवून तो पिचकारी धरायचा, म्हणजे पेशंटनं मान हलवली तरी हात बरोबर हलतो. मलाही हे शिकवलं होतं. मी करत नव्हते. लगदा आत भरला तसं जग बंद झालं, आणि उरला फक्त माझ्या आवंढ्याचा आवाज. त्या पाच मिनिटांत जी भीती वाटते ती मला तोवर ठाऊक नव्हती. कितीतरी लोकांना मी "काही होत नाही हो" म्हटलं होतं.

त्याच मुलाला 'मास्किंग' म्हणजे काय हे माहीत नव्हतं. हात त्याच्याकडं होता, विद्या माझ्याकडं, आणि पेशंटला दोन्ही एकाच माणसात लागतात. याचा पुरावा 2012 साली मिळाला. तोवर केंद्र वाढलं होतं आणि शिकाऊ मुलं आली होती. एका मुलानं आठ-नऊ वर्षांच्या पोरीची चाचणी केली, उजव्या कानात साठ डेसिबलचा दोष काढला आणि यंत्र लावलं. अहवालावर सही माझी. न बघता केलेली. महिन्याभरानं आई पोरीला घेऊन आली: लावलं काय, काढलं काय, सारखंच. मी स्वतः तपासलं. तिचा उजवा कान पूर्ण गेलेला होता. लहानपणी गालगुंड झाले होते. तमिळमध्ये त्यांना 'पोन्नुक्कु वींगी' म्हणतात आणि गळ्यात सोन्याची साखळी घालायची रीत आहे. साखळी अजून पोरीच्या गळ्यात होती. गालगुंडांत एक कान असा एकाएकी जाऊ शकतो.

मग साठ डेसिबल आले कुठून? मोठा आवाज उजव्या कानाला दिला की कवटीतून तो डाव्या, चांगल्या कानाला पोहोचतो, आणि पोरगी प्रामाणिकपणे हात वर करते. ऐकतोय डावा, लिहितोय उजव्याच्या नावावर. आमच्या भाषेत याला सावलीचा आलेख म्हणतात. ते टाळायला चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं, हेच मास्किंग. पोराला ते बटण कुठं आहे हे ठाऊक होतं. कधी दाबायचं, हे नव्हतं. यंत्राचे पैसे परत द्यायला मालक तयार नव्हते. निम्मे त्यांनी दिले, निम्मे मी.

त्या प्रकरणानंतर मी कायद्याचा कागद शोधून वाचला, जो खरं तर आधीच वाचायला हवा होता. 1992 चा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा कायदा. त्यातून केंद्रीय नोंदवही आली. या नोंदवहीत नाव नसलेल्यानं हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आमच्याकडं त्या वेळी सगळ्यात स्वस्त मशीन त्याहून महाग होतं. नोंदणीसाठी पदवी चार वर्षांची, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. त्याखाली एकेक वर्षाचे डिप्लोमाही आहेत: एक भाषा-वाचा-श्रवणाचा, म्हैसूरच्या आयिशसारख्या संस्था तो चालवतात, दुसरा श्रवणयंत्र दुरुस्ती आणि कानाच्या साच्याचा. हे डिप्लोमे मला फार मोलाचे वाटतात आणि त्यांना फारशी किंमत नाही, हेही दिसतं. साच्याच्या कामात तरबेज माणूस दुकानात सगळ्यात मागच्या टेबलावर बसलेला असतो.

कायदा विचारतो, खुर्चीवर कोण बसलंय. बसून तो काय करतो, हे विचारत नाही. माझं नाव नोंदवहीत होतं आणि लगदा पडद्यापर्यंत मीच घातला. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, त्यासाठी सेमिनारचे गुण लागतात. मी ते गुण मांडवाखाली जेवून आणि मागच्या रांगेत पेंगूनही मिळवलेले आहेत.

माझी बांद्र्याची एक वर्गमैत्रीण लग्नानंतर जर्मनीत गेली. तिच्याकडून कळलं की तिथं हा चक्क कारागिरीचा धंदा समजतात. तीन वर्षं उस्तादाच्या दुकानात उमेदवारी, अधूनमधून ल्यूबेकच्या शाळेत वर्ग, आणि स्वतःचं दुकान काढायचं तर वरची 'माइस्टर'ची परीक्षा. इंग्लंडात 2010 पासून श्रवणयंत्र लावणाऱ्यांची नोंदणी आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडं आहे. नोंदणी नसेल तर ते पदनाम लावता येत नाही. 2020 साली आयएसओनं श्रवणयंत्र बसवण्याच्या कामाचं एक मानकच काढलं, क्रमांक 21388. पेशंटची चौकशी, तपासणी, बसवणं, बसवलेलं बरोबर आहे का ते मोजणं, पुढचा पाठपुरावा, असं सगळं टप्प्याटप्प्यानं. ते वाचताना मला वाटलं, हे तर बांद्र्याच्या वहीत होतंच. फक्त त्या वहीतलं केलं नाही तर कोणी विचारणारं नव्हतं.

'मोजणं' या शब्दाशी माझी गाठ एका सेवानिवृत्त कामगारामुळं पडली. फाउंड्रीत बत्तीस वर्षं. कुठली ते सांगत नाही. आलेखात चार हजार हर्ट्झला खड्डा, आवाजानं खाल्लेल्या कानाची खूण. असे कान या पट्ट्यात मला शेकड्यांनी भेटले. आलेख संगणकात भरला, सॉफ्टवेअरला 'फर्स्ट फिट' म्हटलं, पडद्यावर यंत्राची रेघ लक्ष्याच्या रेघेवर अलगद येऊन बसली. सुंदर चित्र. त्यांना विचारलं, कसं वाटतं? "सेरि," म्हणाले, ठीक. पुढच्या आठवड्यात ते नातीच्या लग्नाला गेले. मांडवात नादस्वरम आणि तविल सुरू झालं आणि त्यांनी मशीन उपटून वेष्टीच्या कनवटीला खोचलं. तिथून ते कुठं पडलं, देव जाणे.

दोष माझा होता. आवाज किती मोठा झाला की त्यांना असह्य होतो, ती पातळी मी मोजलीच नव्हती; सॉफ्टवेअरनं वयावरून अंदाज बांधला, मी तो मान्य केला. ज्याचे कान आवाजानं खराब झालेत त्याला बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. मधली गल्ली अरुंद असते. ती मोजायला लागतात पाच मिनिटं आणि एक धीट प्रश्न: "आता थांबवू का?"

2015 मध्ये मी मालकांच्या मागं लागून कानातला आवाज मोजायचं यंत्र घ्यायला लावलं. बारीक, मऊ नळी कानात तीसेक मिलिमीटर सरकवायची, पडद्याच्या अलीकडं थांबायचं, वरून मशीन बसवायचं आणि पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोहोचतो ते बघायचं. पहिल्या दिवशी आम्ही जुने दहा पेशंट बोलावले. संगणकावरची सुंदर रेघ आणि कानातली रेघ यांत तीव्र स्वरांना दहा-दहा, कुणाच्या बाबतीत त्याहून जास्त डेसिबलचा फरक. स, श, फ, थ हे सगळे नेमके तिथं राहतात. म्हणजे इतकी वर्षं "वार्त्तै पुरियल" म्हणणाऱ्यांना आम्ही जे लावत होतो त्यात शब्द नीट पोहोचतच नव्हते. कान प्रत्येकाचा वेगळा; कुणाची नळी आखूड, कुणाची वळणदार, कुणाचा साचा सैल. कोपनहेगनमध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरला नेट्टुकुप्पमचा कान कसा माहीत असणार?

हे यंत्र ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी मदतनिशीला म्हटलं, नऊ वर्षं वाया गेली. ती म्हणाली, "वाया कशी? लोक येत होते की." तेच तर दुखणं आहे. चुकीच्या नंबरचा चष्मा लावला तर माणूस दारातच अडखळतो. चुकीचं मशीन लावलं तर तो घरी जातो, चार दिवस लावतो, मग कपाटात ठेवतो आणि म्हणतो, माझे कानच वाईट. दोष आपल्या अंगावर येतच नाही. आलेला पेशंट मोजता येतो, कपाट कोण मोजणार?

कमिशनबद्दलही बोलायला हवं. पगार थोडा आणि मशीनमागं टक्के, अशी या धंद्यात सरसकट पद्धत. महिनाअखेर आणि मुलाची शाळेची फी एकत्र आली तेव्हा मी एका बाईंना वीस चॅनेलचं मशीन दिलेलं आहे, ज्यांच्या दिवसभरात दोनच माणसं बोलायची: नवरा आणि टीव्ही. त्यांना आठ चॅनेलचंही चाललं असतं. खोटं काही बोलले नाही. "हे जास्त चांगलं आहे," एवढंच म्हटलं, आणि ते खरंही होतं. पुढं मी पगार वाढवून मागितला आणि टक्के सोडले. मालकांना ते परवडलं, कारण परत येणारी मशिनं कमी झाली. शिकाऊ मुलांना मात्र टक्केच मिळतात अजून. तो वाद चालू आहे.

पुस्तकात नसलेलं बरंच काही या खाऱ्या हवेनं शिकवलं. बांद्र्यालाही समुद्र आहे, पण एन्नोरच्या मे महिन्यात होडीवरून आलेल्या माणसाच्या कानामागून घाम अक्षरशः ठिबकतो. यंत्राच्या नळीत पाण्याचा एक थेंब साठला की आवाज बंद. माणूस समजतो मशीन मेलं. फुगा दाबून हवा मारली की जिवंत. सिलिका जेलची डबी आम्ही मशीनबरोबर देतो, आणि रात्री झोपताना मशीन त्यात ठेवायचं, हे तीनदा वदवून घेतो. एकदा एका आजींनी जेलच्या गोळ्या औषध समजून देवापुढं ठेवल्या होत्या. खाल्ल्या नाहीत, नशीब. लाल खूण उजवा कान, निळी डावा. बॅटरीचा मागचा कागद सोलायचा आणि मिनिटभर थांबून मग घालायची, कारण ती हवेवर चालते. हे सगळं समजावायला वेळ लागतो, आणि कुणाला किती लागेल याचे माझे अंदाज साफ चुकले. कार्यालयात आयुष्य काढलेल्या हुशार माणसाला दाण्याएवढी बॅटरी बसवता येईना. जाळी विणणाऱ्या सत्तरीच्या माणसानं ती पहिल्याच फटक्यात, न बघता, समुद्राकडं तोंड करून बसवली.

2020 मध्ये सगळ्यांनी मास्क लावले आणि आमच्याकडं अचानक असे लोक येऊ लागले ज्यांना वाटत होतं की त्यांना ऐकू येतं. ते ओठ वाचत होते. स्वतःलाही पत्ता नव्हता. मास्कची दोरी आणि मशीन एकाच कानामागं, त्यामुळं हरवलेल्या मशिनांचा त्या वर्षी विक्रम झाला. अमेरिकेनं 2022 च्या ऑक्टोबरपासून सौम्य-मध्यम दोषाच्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय यंत्र विकत घ्यायला परवानगी दिली. इथंही नातू मोबाइलवरून काहीतरी मागवतात. मला त्याचा राग येत नाही. सौम्य दोषाच्या माणसानं स्वतः काही लावून पाहिलं तर निदान 'मला ऐकू येत नाही' हे मान्य करण्याचा घाट तो ओलांडतो. पण अशाच एका आजोबांच्या कानात मी बॅटरीचा उजेड टाकला तर आत मळाचा दगड. मशीन दगडाला गाणं ऐकवत होतं. मळ काढून घेतला, आणि आजोबांना मशीन लागलंच नाही.

आता माझ्याकडं शिकणारी मुलं येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना पेशंट देत नाही. एकमेकांच्या कानाचे साचे घ्यायचे. मग एक मशीन कानात घालून एन्नोर ते सेंट्रल लोकलनं जायचं आणि यायचं, आणि काय ऐकू आलं ते लिहून आणायचं. परत आलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. एकानं लिहिलं होतं, "प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळली तर लॉरीपेक्षा मोठा आवाज." दुसऱ्यानं नुसतंच लिहिलं, "डोकं दुखलं." त्याला मी पास केलं.

मागच्या महिन्यात नवीन आलेला मुलगा, डिप्लोमा केलेला, एका आजींची चाचणी करत होता. मी मागच्या टेबलावर कुणाचा तरी साचा कानशीनं घासत बसले होते. पेटी आता बरी आहे, पण रस्ता तोच आहे. तो हजारावरून चढला, आठ हजारांना पोहोचला, खाली आला, पाचशे, मग अडीचशे. बाहेरून घरघर जवळ येऊ लागली. त्यानं बटणावरचं बोट उचललं. माझ्याकडं पाहिलं नाही. आजी आतून काच ठोकून विचारत होत्या, संपलं का. त्यानं तळहात दाखवला, थांबा. कंटेनर गेला, त्याच्यामागून दुसरा गेला, मग एक टँकर. तो तसाच बसून राहिला, बोट अधांतरी.